डबलसीट घाटवाटा : साताऱ्याच्या डोंगरांत जोडीनं मोटारसायकल सहल

एकट्यानं घाट चढणारी गाडी आणि मागे माणूस, दोन्ही बाजूंना पिशव्या घेऊन चढणारी तीच गाडी, या दोन वेगळ्या गाड्या समजाव्यात. डबलसीट असताना ब्रेक लागून थांबायला जास्त अंतर लागतं, पुढचं चाक हलकं पडतं, वळणात गाडी बाहेर जाते आणि क्लच लवकर तापतो. शहरात सपाट रस्त्यावर चाळिसाच्या वेगानं रोज डबलसीट जाणाऱ्यांना हे कळत नाही. केळघर घाटात तिसऱ्या वळणावर कळतं. म्हणून हा लेख बराचसा निघण्याआधीच्या तयारीबद्दल आहे. सातारा जिल्ह्यातली पाच दिवसांची, सोप्या रस्त्यापासून अवघडाकडे जाणारी आखणी त्यानंतर दिली आहे.

सव्वाशे ते साडेतीनशे सीसीची कुठलीही नीट राखलेली गाडी या रस्त्यांना पुरते. सव्वाशेच्या गाडीवर चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावे लागतील, त्यात काही बिघडत नाही. नवी मोठी गाडी घेऊन लगेच घाटात शिरण्यापेक्षा सवयीची जुनी गाडी बरी.

कधी जायचं

पहिल्या सहलीसाठी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रस्ते कोरडे असतात, दऱ्या मोकळ्या दिसतात आणि दुपारीही जॅकेट अंगावर ठेवता येतं. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरची पहाट बोचरी असते. वेण्णा तलावाच्या काठावर काही दिवस दव गोठतं. तेव्हा सकाळी आठच्या आधी गाडी काढायची घाई करू नये, सावलीतला रस्ता ओलसर असतो आणि बोटं आखडली की ब्रेकचा अंदाज जातो.

कासची फुलं पाहायची असतील तर सप्टेंबर गाठावा लागतो. तेव्हा पाऊस पूर्ण गेलेला नसतो, हे धरूनच जावं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नवख्या जोडीनं घाटाचा बेत करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दरडी येतात, धुक्यात दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. वाहनाला बाजू द्यायला म्हणून डावीकडे सरकलात की चाक त्याच शेवाळावर जातं. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या कुठल्याच महिन्यात घेऊ नका. सोमवार ते शुक्रवार हा पाच दिवसांचा हिशेब चांगला बसतो.

आधी वजनाचा हिशेब

गाडीच्या माहितीपुस्तिकेत भारासकट कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा वाटा. बहुतेक गाड्यांचा हा वाटा १५० ते १८० किलोंच्या आसपास निघतो. चालवणारा ७२ किलो, मागची व्यक्ती ५८ किलो, दोघांची हेल्मेटं, बूट आणि जॅकेटं मिळून ८ किलो, असे १३८ किलो झाले. पुस्तिकेप्रमाणे १५५ चालत असतील तर सामानाला उरले १७ किलो, आणि त्यातच पाणी, हत्यारं आणि कुलूपसुद्धा. हा हिशेब कागदावर मांडला की तिसरी जीन्स आपोआप घरी राहते.

हवा, शॉकअप, चेन, ब्रेक

निघण्याच्या आठवडाभर आधी ही कामं करावीत. आदल्या दिवशी गॅरेजला गाडी टाकू नये, कारण नवीन घातलेली केबल किंवा ब्रेक पॅड बसायला शंभरेक किलोमीटर लागतात, आणि चुकून एखादा नट ढिला राहिला असेल तर तो गावात सापडलेला बरा.

टायरची हवा गाडी थंड असताना पाहायची. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या तक्त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे असतात. पुढच्या चाकाचा आकडा बहुधा तोच राहतो, मागच्याचा ४ पीएसआयच्या आसपास वाढतो, उदाहरणार्थ २८ वरून ३२. पंपावरचा माणूस विचारतो, "किती मारू?" तेव्हा हा आकडा तोंडपाठ हवा. हवा कमी राहिली तर टायरच्या बाजूच्या भिंती वाकून तापतात आणि वळणात मागची बाजू डुलते. जास्त झाली तर खडीवर पकड जाते. ट्यूबवाल्या, म्हणजे तारांच्या चाकाच्या गाडीला टायरबरोबर ट्यूबही किती जुनी आहे ते बघा. ट्यूबची हवा एकदम जाते, ट्यूबलेसची हळूहळू. डबलसीट असताना हा फरक मोठा ठरतो.

मागचे शॉकअप बहुतेक गाड्यांना पायऱ्यांनी घट्ट करता येतात. गाडीच्या हत्यारांत आकड्यासारखा वाकडा पाना असतो तो याचसाठी. एकट्यासाठी पहिली-दुसरी पायरी असेल तर दोघं आणि सामान असताना चौथी घ्यावी, आणि दोन्ही बाजूंना तीच पायरी आहे याची खात्री करावी. शॉकअप मऊ राहिले तर गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं, आणि हँडल वळवलं तरी गाडी थोडी सरळच जाते. घाटात दरीच्या बाजूला ओढली जाते ती अशी. आणखी दोन गोष्टी यातूनच निघतात. मागचा भाग दबला की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दोघं बसून, सामान बांधून, भिंतीसमोर लाइटचा झोत खाली करून घ्या. आणि शॉकअप घट्ट केल्यावर रिकामी गाडी साइड स्टँडवर नेहमीपेक्षा जास्त कलते, जराशा धक्क्यानं डावीकडे पडू शकते. उभी करताना जागा बघून करा.

चेनचा सैलपणा बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो, नेमका आकडा पुस्तिकेत पाहा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. सर्वात घट्ट जागी माप बरोबर आलं पाहिजे. मग एक पायरी अजून करा, जी बरेच जण टाळतात : दोघं गाडीवर बसा आणि तिसऱ्याला चेन हलवून पाहायला सांगा. वजनानं स्विंगआर्म वर सरकतो तशी चेन ताणली जाते. दोघं बसल्यावर ती तारेसारखी ताठ झाली तर खड्ड्यात झटका थेट गिअरबॉक्सच्या बेरिंगवर जातो. तेव्हा ती थोडी सैल करावी. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा, नाहीतर मागचं चाक तिरकं बसतं.

ब्रेकमध्ये पॅड दीड-दोन मिलिमीटरपर्यंत झिजले असतील तर सहलीआधीच बदलावेत. डिस्क ब्रेकचं ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर तेही बदला. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. उतारावर डिस्क तापली की त्या ओलाव्याची वाफ होते, लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो आणि ब्रेक लागत नाही. पसरणी घाटात ही गोष्ट कळण्यात अर्थ नाही. मागचा ड्रम ब्रेक असेल तर लायनर उघडून झिज बघून घ्या. क्लच केबलला लिव्हरच्या मुळाशी २–३ मिलिमीटर मोकळीक हवी. मोकळीक अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि चढावर जळका वास येतो.

गाडी भाड्यानं घेत असाल तर वरचं सगळं घेण्याआधी तिथंच तपासायचं. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी "भाड्यानं" देत असेल तर घेऊ नये, अपघात झाल्यास विमा अडतो.

सामान कसं बांधायचं

जड वस्तू खाली आणि पुढे, हलकी वस्तू वर आणि मागे, एवढं पक्कं धरा. हत्यारं, पाणी, कुलूप दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत तळाशी आणि सारख्या वजनानं भरावं. शेपटीकडच्या कॅरिअरवर, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, चार-पाच किलोंहून जास्त ठेवू नये. तिथलं वजन तरफेसारखं पुढचं चाक उचलतं. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी हात घालून बघा. चार बोटं अंतर नसेल तर ती वितळते किंवा पेटते.

बंजी दोरी टोपी अडकवायला ठीक, पिशवी बांधायला नाही. ती खड्ड्यांत ताणून सैल होते आणि तिचा आकडा सुटून चाकात गेला तर चाक जाम होतं. बकलच्या नायलॉन पट्ट्या वापरा आणि उरलेलं टोक गाठ मारून आत खोचा. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून पट्ट्या पुन्हा ओढाव्यात, हमखास सैल झालेल्या असतात.

आत काय घ्यायचं ते प्रत्येकाचं वेगळं, पण हे ठेवाच : पंक्चर किट आणि छोटा पंप (ट्यूबवाल्या गाडीला एक जादा ट्यूब), क्लच केबल, स्पार्क प्लग, दोन फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचं एक जोड-लॉक, चेनचं वंगण, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे टाय, आणि डोक्याला लावायची बॅटरी. पंक्चर काढताना एक हात बॅटरीत अडकला तर काम होत नाही. कागदपत्रांत लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असली तरी बामणोलीसारख्या ठिकाणी नेटवर्कचा भरवसा नाही, छापील प्रत सोबत असू द्या.

मागच्या जोडीदारासाठी

या भागावर सर्वात जास्त वेळ द्या. सहल बिघडते ती बहुधा मागच्या सीटवर. पुढच्याला हँडल असतं, समोरचा रस्ता दिसतो, ब्रेक कधी लागणार ते आधी कळतं. मागच्या व्यक्तीला यातलं काहीच नसतं आणि प्रत्येक धक्का अनपेक्षित लागतो. त्यामुळे दिवसाचं अंतर, वेग आणि विश्रांती मागच्या व्यक्तीनं ठरवावी. "थांब" म्हटलं की सुरक्षित जागा बघून थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही.

चढण्या-उतरण्याचा क्रम ठरवून घ्या. चालवणाऱ्यानं आधी बसायचं, गाडी सरळ करायची, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला. मग खूण मिळाल्यावर मागच्यानं डावीकडून, खांद्याला धरून, फूटरेस्टवर पाय देऊन चढायचं. गाडी साइड स्टँडवर असताना सामानासकट मागे चढलं की सगळं वजन त्या एका दांडीवर येतं आणि ती वाकते. उतरतानाही तसंच, विचारल्याशिवाय नाही.

चालू गाडीवर मांड्यांनी पुढच्याच्या कमरेला हलकं धरायचं. एक हात पुढच्याच्या कमरेभोवती आणि दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर ठेवला तर वेग वाढतानाही आणि ब्रेक लागतानाही आधार मिळतो. उतारावर दोन्ही तळवे टाकीवर टेकवले तर अंगाचा भार पुढच्याच्या मनगटांवर येत नाही, आणि सलग उतारात हे फार महत्त्वाचं. वळणात स्वतःहून वाकायचं नाही आणि उलट्या बाजूला ताठही व्हायचं नाही. वळण ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघत राहिलं की शरीर बरोबर तेवढंच झुकतं. सिग्नलला गाडी थांबली तरी मागच्याचे पाय फूटरेस्टवरच राहतात.

दोन्ही पाय दोन बाजूंना टाकूनच बसायचं. घाटात एका बाजूला बसणं धोक्याचं आहे. साडी, ओढणी, लांब मफलर, सुटलेली बुटाची नाडी यांतलं काहीही चेनमध्ये जाऊ शकतं. घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, आणि दोघांनाही आयएसआय खुणेचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट हवं. मागच्या माणसालाही हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे. हेल्मेटवर हेल्मेट आपटत असेल तर अंतर चुकलंय किंवा पुढचा ब्रेक झटक्यानं लागतोय, दोन्ही सुधारता येतं.

खुणा आधीच ठरवा : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, मांडीवर एक म्हणजे पाणी. दर ४०–४५ मिनिटांनी दहा मिनिटं उतरून चालायचं. दोघांत मिळून दोन लिटर पाणी जवळ ठेवा. थंडीत तहान लागत नाही आणि दुपारी डोकं धरतं ते त्यामुळेच.

सहलीच्या आधी एक रविवार भरल्या गाडीवर मोकळ्या मैदानात घालवा. वीस, तीस आणि चाळिसाच्या वेगावरून थांबून पाहा, आठचा आकडा काढा, चढावर उभं राहून गाडी सोडा. मागच्या व्यक्तीलाही कळतं की ब्रेक कसा लागतो, आणि तेवढ्यानंच अर्धी भीती जाते.

घाटात गाडी कशी चालवायची

चढताना इंजिन गुरगुरू लागण्याआधी गिअर खाली घ्या. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणाच्या मध्यावर गिअर बदलला की क्षणभर ताकद जाते आणि भरलेली गाडी आडवी व्हायला तेवढं पुरतं. डावं हेअरपिन वळण चढताना आतली कड सर्वात उभी असते. तिला चिकटू नका, आपल्या लेनच्या मध्यातून पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये जा. उजव्या वळणात उलटा मोह होतो, मधली रेघ ओलांडून कोपरा कापायचा. समोरून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता, तेव्हा रेघेच्या अलीकडेच राहायचं.

नियमाप्रमाणे चढणाऱ्या वाहनाला आधी वाट मिळते. पण वरून एसटी उतरताना दिसली तर हक्क बाजूला ठेवून वळणाच्या आधीच डावीकडे थांबा. बसला हेअरपिनमध्ये जवळजवळ अख्खा रस्ता लागतो, आणि तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा, आणि दिल्यावर समोरचा येतोय का ते ऐकावं.

चढावर थांबून पुन्हा सुटायचं असेल तर डावा पाय जमिनीवर, उजव्या पायानं मागचा ब्रेक, क्लच हळूहळू सोडत गाडी ओढू लागली की ब्रेक सोडायचा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं ही सर्वात वाईट सवय. गर्दीच्या दिवशी पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर दोन किलोमीटर असं केलं तर क्लच प्लेट जळतेच.

उतरताना जुना आणि खरा नियम : ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनचा रोध वेग धरून ठेवतो आणि ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ, नीट दाबायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरू नये, मग सगळं वजन फक्त ब्रेकवर येतं. मागे माणूस असताना मागच्या चाकावर भार जास्त असतो, त्यामुळे मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, तरी मुख्य काम पुढच्याचंच. नुसता मागचा दाबत राहिलं तर ड्रम तापतो आणि पकड सोडतो. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे, पण बऱ्याच गाड्यांत तो पुढच्याच चाकाला. मागचं चाक ओल्या पानांवर अजूनही जाम होऊ शकतं.

लिव्हर मऊ लागला किंवा जळका वास आला तर कडेला थांबा आणि अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते आणि पुढे प्रत्येक ब्रेकला लिव्हर थरथरतो.

धुकं लागलं तर हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला, पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून नव्हे. थांबायचंच असेल तर रस्ता पूर्ण सोडून, आणि थांबल्यावर दोघांनीही गाडीपासून लांब उभं राहायचं.

पाच दिवसांचा मार्ग

*पहिला दिवस, सातारा–सज्जनगड–ठोसेघर–चाळकेवाडी–सातारा, साधारण सत्तर किलोमीटर.* मुक्काम साताऱ्यातच ठेवा, सामान खोलीवर सोडा आणि हलक्या गाडीवर हात बसवा. शहरातून बोगद्यातून बाहेर पडलं की चढ सुरू होतो. सज्जनगड समर्थ रामदासांच्या समाधीचा गड, वर पायऱ्या चढून जावं लागतं, म्हणून तो सकाळी करावा. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यानंतर हळूहळू बारीक होतो, उन्हाळ्यात तिथं पाण्यासाठी जाऊ नये. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्या तिथं आहेत याचा अर्थच वारा जोरदार असतो. आडवा वारा लागला की हँडल घट्ट आवळू नका. पकड सैल, गुडघे टाकीला, वेग चाळिसाच्या आत. वाऱ्याचा झोत थांबतो तेव्हा गाडी उलट्या बाजूला सरकते, त्यासाठी कडेला जागा ठेवा.

*दुसरा दिवस, सातारा–कास–बामणोली आणि परत, साधारण पंचाहत्तर किलोमीटर.* साताऱ्यातच टाकी फुल करा. कास–बामणोलीकडे पंपाच्या भरवशावर राहू नये. डबलसीट घाटात नेहमीच्या मायलेजच्या तीन चतुर्थांशच धरा. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट लागतो, लहान पण वळणदार. कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं. फुलांच्या हंगामात प्रवेश मर्यादित असतो आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. गाडी ठरलेल्या वाहनतळावरच लावायची, पठारावर चाक घालायचं नाही. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो, एक टायर गेला की तिथली रोपं गेली. कासहून बामणोलीला उतरताना शिवसागर जलाशयाच्या पातळीपर्यंत, म्हणजे पाचशे मीटरहून जास्त, खाली यावं लागतं. इंजिनवर उतरण्याचा खरा सराव इथं होतो. बामणोलीला बोट मिळते, जेवण मिळतं, मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही. नकाशा आधी उतरवून ठेवा आणि साताऱ्याकडे अंधाराच्या आत परता. या रस्त्यावर संध्याकाळी गुरं परततात आणि रात्री रानडुकरं आडवी येतात.

*तिसरा दिवस, सातारा–मेढा–केळघर–महाबळेश्वर, साधारण पंचावन्न किलोमीटर.* सामान बांधून निघायचा पहिला दिवस, म्हणून अंतर मुद्दाम कमी. कण्हेर धरणाच्या पाण्याकडेनं मेढ्यापर्यंत रस्ता निवांत आहे. मेढ्यात चहा घ्या, पट्ट्या आवळा, हवा बघा. पुढे केळघर घाट. वाई-पाचगणीच्या रस्त्यापेक्षा इथं वाहनं कमी, पण रस्ता अरुंद आणि पावसाळ्यात दरडी येणारा. सप्टेंबरात जाणार असाल तर मेढ्याच्या एसटी स्टँडवर चौकशी करूनच पुढे जा, चालकांना त्या सकाळची अवस्था माहीत असते. महाबळेश्वरात शिरताना पर्यटकांकडून कर घेतात, सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा. हातमोजे काढून बॅग उघडत बसलात तर मागे रांग लागते.

*चौथा दिवस, महाबळेश्वर–प्रतापगड आणि परत, साधारण पंचेचाळीस किलोमीटर.* सामान खोलीवर. आंबेनळी घाट पोलादपूरकडे कोकणात उतरतो, तुम्ही अर्ध्यातून, वाडा कुंभरोशीपासून प्रतापगडाकडे वळायचं. या सहलीतला सर्वात अवघड रस्ता हाच : खोल दरी, घनदाट झाडी, सावलीत ओल, आणि कोकणातून येणारे ट्रक. सकाळी नऊला निघालात तर ऊन रस्त्यावर आलेलं असतं. उतारावर गाडी तिसऱ्यात, वळणात दुसऱ्यात, वेग तिशीच्या आसपास. गड १६५६ चा, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाची भेट याच्याच पायथ्याशी झाली. गडावर दोन-तीन तास लागतात, त्यामुळे बूट चालण्याजोगे हवेत. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर आणि गडाच्या वाहनतळावर माकडं आहेत. सीटवर खाऊची पिशवी ठेवली की सीट फाटते.

*पाचवा दिवस, महाबळेश्वर–पाचगणी–वाई–सातारा, साधारण पासष्ट किलोमीटर.* सकाळी आठ-साडेआठला निघाल्यास वेण्णा तलाव, लिंगमळा आणि गुरेघरची गर्दी टळते. पाचगणीनंतर पसरणी घाट, वाईपर्यंत सलग उतार. रस्ता रुंद आणि चांगला आहे, आणि धोका नेमका तिथंच : वेग नकळत वाढतो आणि समोर ओव्हरटेक करणारी चारचाकी असते. मध्ये दोनदा थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत, खाली कृष्णेचं खोरं बघायला तशीही जागा आहे. वाईत ढोल्या गणपतीचा घाट पाहून, जेवून, पाचवडजवळ महामार्गाला लागा. महामार्गावर ट्रकच्या बाजूनं जाताना हवेचा धक्का बसतो, मागच्याला आधी सांगून ठेवा. डबलसीट ६०–६५ पुरे.

आणखी दोन दिवस असतील तर उंब्रज–मल्हारपेठ–पाटणमार्गे कोयनानगरला जाता येतं. रस्ता तुलनेनं सोपा, धरणाचा परिसर सुंदर. त्यापुढचा कुंभार्ली घाट चिपळूणला उतरतो, पण त्यावर अवजड वाहतूक आहे. पहिल्या सहलीत कोयनानगरहूनच मागे फिरावं.

वाटेत काही झालं तर

मागचं टायर पंक्चर झालं की शेपटी डुलू लागते. ब्रेक मारू नका. अॅक्सिलेटर हळू सोडा, हँडल सरळ, दोघंही स्थिर, वेग आपोआप उतरू द्या आणि अगदी शेवटी पुढचा ब्रेक हलका. मागच्या व्यक्तीनं उतरून वळणाच्या वरच्या बाजूला, दरीपासून लांब उभं राहून येणाऱ्यांना इशारा द्यावा. ट्यूबलेस टायरला पट्टी घालण्याआधी छिद्र किटमधल्या कानशीसारख्या हत्यारानं नीट साफ केलं नाही तर पट्टी दहा किलोमीटरांत निसटते. पट्टीवर पुढच्या गावापर्यंत जायचं आणि तिथं दुकानात पक्कं करून घ्यायचं.

चढावर इंजिनची ताकद गेली, आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. थांबा, वीस मिनिटं थंड होऊ द्या, केबलची मोकळीक वाढवा. तरीही तसंच असेल तर मागच्याला एसटीनं पुढे पाठवून एकट्यानं गाडी काढावी. जांभ्याच्या मुरमाड जागेत गाडी लावताना स्टँडखाली चपटा दगड ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये लावा.

अपघातात ११२, रुग्णवाहिकेला १०८. दोघांच्याही फोनमध्ये घरच्यांचा नंबर असावा आणि रक्तगटाची चिठ्ठी हेल्मेटच्या आत नव्हे, खिशात ठेवावी, हेल्मेट काढून बाजूला पडतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी शॉकअप, मागची हवा, चेन आणि हेडलाइट पुन्हा एकट्याच्या मापावर आणा. तसंच सोडलं तर रिकामी गाडी खड्ड्यांत उडते, टायर मधोमध झिजतो आणि हेडलाइट रस्त्याऐवजी पुढच्या चाकापाशी पडतो. चेन केरोसीननं धुऊन वंगण द्या. ब्रेक पॅड पुन्हा एकदा बघा, पाच दिवसांच्या उतारांनी ते किती खाल्ले ते कळलं की पुढच्या सहलीआधी बदलायचे का हे तिथंच ठरतं.